गोदावरीच्या खालच्या टोकाचा इंजिनिअर

आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या घाटावर गोदावरी स्नानाचा संकल्प सांगताना काही पुरोहित एका इंग्रजाचं नाव घेतात. त्याला भगीरथ म्हणणारा एक संस्कृत श्लोकसुद्धा तिकडे म्हटला जातो. गोदावरी जिल्ह्यांत गावोगावी, कुठे चौकात तर कुठे कालव्याच्या कडेला, त्याचे पुतळे आहेत. नाव सर आर्थर कॉटन, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इंजिनिअर्स या लष्करी दलातला अधिकारी. तिकडचे लोक त्याला कॉटन दोरा म्हणतात, आपण कॉटन साहेब म्हणू तसं.

मी नांदेडची. गोदाकाठची बहुतेक माणसं म्हणतात तसं आमच्याकडेही नदीला गंगाच म्हणतात, आजी अधिक महिन्यात रोज गंगेवर जायची, आणि लहानपणापासून नदी म्हणजे पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या गिळणारी आणि एप्रिल-मे मध्ये डबकी डबकी होऊन पडलेली अशीच बघितलेली. त्यामुळे पहिल्यांदा ट्रेनने राजमहेंद्रीला गेले आणि खिडकीतून तो डेल्टा पाहिला, लांबच लांब भाताची शेतं, भरून वाहणारे कालवे, त्यांच्या काठाने नारळ, तेव्हा आनंद झाला आणि खरं सांगायचं तर पोटातही दुखलं. नदी तीच ना! मग या माणसाबद्दल वाचायला लागले ते अजून वाचतेच आहे.

जन्म १५ मे १८०३ चा, अकरा भावांतला दहावा. पंधराव्या वर्षी अ‍ॅडिसकोंबला कंपनीच्या मिलिटरी शाळेत, १८१९ ला कमिशन, १८२१ ला मद्रास. म्हणजे इकडे पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती तेव्हा हा अठरा वर्षांचा पोरगा मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला. तेव्हाच्या मिलिटरी इंजिनिअरचं काम म्हणजे सगळंच, लढाईत वाट काढायची, तटाला खिंडार पाडायचं, पूल बांधायचे, आणि लढाई नसेल तेव्हा रस्ते, तलाव, कालवे बघायचे. १८२४ ते २६ च्या पहिल्या ब्रह्मी युद्धात कॉटन प्रत्यक्ष लढला आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण पुतळे बघून आपल्याला वाटतं की हा कोणी साधुपुरुष होता. तो कंपनीचा सैनिक होता, कंपनीचं राज्य वाढावं म्हणून लढला, आणि इंग्रजांनी हिंदुस्थानात राहू नये असं त्याने आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. हे लक्षात ठेवूनच मला त्याच्याबद्दल प्रेम वाटतं.

युद्धावरून परत आल्यावर त्याला कावेरीचं काम मिळालं आणि तिथे तो खरा घडला.

कावेरी श्रीरंगमच्या बेटाशी दोन फाट्यांत वाटली जाते. उत्तरेचा कोल्लिडम, ज्याला इंग्रज कोलरून म्हणायचे, आणि दक्षिणेची कावेरी, जी तंजावरची शेती भिजवते (तेच तंजावर, जिथे आपले भोसले राज्य करत होते). कोल्लिडमचा उतार जास्त, त्यामुळे पाणी वर्षागणिक तिकडे जास्त ओढलं जायला लागलं, कावेरीच्या फाट्यात गाळ बसत गेला आणि तंजावरची शेतं कोरडी पडायला लागली. कॉटनने १८३६ मध्ये कोल्लिडमवर दोन बंधारे पुरे केले, एक वर मुक्कोंबुला आणि एक खाली अणैकरैला, आणि पाणी पुन्हा कावेरीकडे वळलं.

पण हे त्याला सुचलं कुठून? तिथेच जवळ कल्लणै आहे, करिकाल चोळाने बांधला असं सगळे मानतात, शेकडो वर्षं पुरात उभा असलेला दगडी बांध. कॉटनने तो नुसता पाहिला नाही, त्याचा अभ्यास केला. सगळ्यात अवघड प्रश्न असा होता की अशा नद्यांच्या पात्रात खाली खडक लागतच नाही, वाळूच वाळू, कितीही खोल जा. युरोपात शिकलेला इंजिनिअर म्हणणार की पाया खडकावर पाहिजे, नाहीतर बांधू नका. कल्लणै बांधणाऱ्यांनी वाळूवरच बांधला. दगड टाकत जायचे, ते वाळूत रुतत जातात, पुन्हा टाकायचे, शेवटी एक वेळ येते की ते बसतात आणि हलत नाहीत. पुराने खालची वाळू थोडी नेली तर दगड अजून खाली बसतो, बांध वाहून जात नाही.

आणि कॉटनने हे मोकळेपणाने कबूल केलं, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या बांधकामांपेक्षा मोठी वाटते. त्याने म्हातारपणी, १८७४ मध्ये, लिहिलंय की अथांग वाळूत पाया कसा धरायचा हे आम्ही या लोकांकडून शिकलो, आणि मद्रासच्या इंजिनिअरांना जे यश मिळालं ते निव्वळ त्या शिकण्यामुळे. त्याच लिखाणात तो सांगतो की सुरुवातीच्या काळात इथली माणसं आम्हाला एक प्रकारचे सुधारलेले रानटी समजायची, लढाईत फार हुशार, पण आधीच्या राजांनी बांधून ठेवलेली कामं दुरुस्तसुद्धा ठेवता न येणारे. हे इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःच्याच लोकांबद्दल लिहावं, तेही राज्य ऐन जोरात असताना. मेकॉलेच्या पिढीतला माणूस आहे हा. ज्या काळात इथल्या सगळ्या विद्येची किंमत शून्य ठरवली जात होती त्या काळात हा चोळांच्या गवंड्यांना गुरू म्हणत होता.

आता गोदावरी. १८३२-३३ मध्ये गुंटूर आणि आजूबाजूला भयंकर दुष्काळ पडला, त्यानंतरही वर्षं वाईटच गेली, १८३९ ला कोरिंगाच्या किनाऱ्यावर वादळाने समुद्र आत आला. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ मध्ये सात लाखांच्या वर होती ती १८४१ पर्यंत साडेपाच लाखांच्या आसपास आली. वीस वर्षांत. काही मेले, काही सोडून गेले. आणि हे कुठे, तर दोन्ही बाजूंना नदी समुद्राला मिळते आहे अशा सपाट, काळ्या, सुपीक जमिनीवर. पाणी डोळ्यांसमोरून समुद्रात चाललंय आणि माणसं दुष्काळाने मरताहेत.

कंपनीला याची काळजी कशामुळे वाटली? महसूल घसरला म्हणून. सर हेन्री मॉन्टगोमेरीला चौकशीला पाठवलं, त्याने १८४४ मध्ये रिपोर्ट दिला की कॉटनला इकडे आणा. कॉटन आला, पात्र तपासलं, पूर कुठवर येतो, उन्हाळ्यात पाणी किती उरतं हे बघितलं आणि मग सरकारला जे लिहिलं त्यात पानोपानी हिशोब आहे. तंजावरला एवढा खर्च केला आणि महसूल एवढा वाढला, इथे एवढा करा आणि एवढा वाढेल. पहिल्यांदा वाचताना मला हे फार खटकलं होतं, माणसं मरताहेत आणि हा बाबा टक्केवारी काय काढतोय. पण मग लंडनचे डायरेक्टर कोण होते ते आठवावं लागतं. भागीदारांना डिव्हिडंड देणारी कंपनी ती, तिच्यापुढे भुकेचं वर्णन कितीही केलं तरी पैसे सुटत नव्हते, पैसे फक्त परताव्याच्या भाषेला सुटत होते. ती भाषा कॉटन बोलला, आयुष्यभर बोलला, इतकी की तीच त्याची भाषा झाली. त्याचं मोठेपण आणि त्याचं अपयश दोन्ही मला याच एका गोष्टीत दिसतं.

मंजुरी आली डिसेंबर १८४६ मध्ये, काम सुरू १८४७ ला, जागा राजमहेंद्रीच्या थोडं खाली, धवलेश्वरम. इथे नदीचं पात्र बेटं धरून जवळपास चार मैल रुंद आहे. लोक म्हणाले असतील एवढं रुंद कशाला निवडता, पण रुंद पात्रात पुराची उंची कमी राहते, आणि मध्ये बेटं असल्यामुळे बांध एकसलग बांधायला नको, चार तुकड्यांत बांधता येतो, धवलेश्वरम, रॅली, मद्दूर आणि विज्जेश्वरम. चारही मिळून बांधाची लांबी सुमारे १२,००० फूट आणि उंची फक्त १२ फूट.

ही बारा फुटाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्या डोक्यात धरण म्हटलं की मोठी भिंत आणि मागे समुद्रासारखं पाणी, जायकवाडीसारखं. अनिकट, म्हणजे नदीला आडवा घातलेला असा ठेंगणा बांध, तसं नाही. ते पाणी साठवत नाही, फक्त नदीची पातळी थोडी उचलून धरतं. पूर आला की पाणी सरळ वरून निघून जातं. डेल्टामध्ये नदी स्वतःच्याच गाळावर वाहत असते, म्हणजे तिचे काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असतात आणि नदीपासून लांब जावं तसतशी जमीन उतरत जाते. मग पातळी बारा फूट वर आली की काठाजवळून कालवा काढायचा आणि पाणी आपल्या आपण शेतांकडे उतरत जातं. बाकी गाळ काढून टाकायला दरवाजे, कालव्याच्या तोंडाशी दरवाजे, आणि नावा चढवायला-उतरवायला लॉक, कारण कॉटनला कालवा नुसता पाण्यासाठी नको होता, त्यावरून धान्याच्या नावाही चालायला हव्या होत्या.

दगड धवलेश्वरमच्या टेकडीतून काढला, टेकडीपासून पात्रापर्यंत रूळ टाकून वाघिणींनी आणला. कॉटन कुटुंबासकट कामाजवळच राहत होता. १८४८ मध्ये तब्येत इतकी ढासळली की त्याला ऑस्ट्रेलियाला जावं लागलं, मधली दोन वर्षं कॅप्टन ऑर याने काम चालवलं, १८५० ला कॉटन परत आला आणि १८५२ मध्ये काम पुरं झालं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता आणि त्यावरून वरून बोलणीही खावी लागली.

या सगळ्यात एक नाव घ्यायलाच पाहिजे, वीणम वीरन्ना. स्थानिक ओव्हरसिअर. इतक्या हजारो मजुरांना आणणं, टिकवणं, त्यांच्याकडून उन्हातान्हात काम करून घेणं हे त्याच्या जिवावर झालं आणि कॉटनने ते स्वतः मान्य केलेलं आहे. कॉटनचे पुतळे शेकड्यांनी आहेत, वीरन्नाचं नाव मात्र गोदावरी जिल्ह्यांच्या बाहेर कोणाला माहीत नसतं. आणि ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले त्यांची तर नावंही कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यातले कित्येक दुष्काळात होतं नव्हतं ते गेलेले शेतकरी आणि शेतमजूर असणार. कॉटन मोठा होताच, पण बारा हजार फूट दगड त्याने उचलले नाहीत.

नंतर हेग नावाच्या त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरने गन्नवरमला नदीच्या एका फाट्यावरून कमानींवर कालवा पलीकडे नेला आणि कोनसीमाच्या बेटांना पाणी मिळालं. जुन्या अनिकटच्या जागी आता १९८० च्या दशकापासून नवीन बॅरेज आहे, त्याला नावही कॉटनचंच आहे, आणि त्यावर दहा लाख एकरांच्या आसपास जमीन भिजते.

हे बघितल्यावर मराठवाड्यातल्या कोणालाही प्रश्न पडणारच की आपल्याकडे का नाही झालं हे. इंग्रजांनी आपल्यावर अन्याय केला असं म्हणून मोकळं होता येतं आणि मी बरीच वर्षं तसंच म्हणायचे, एक तर मराठवाडा निजामाकडे होता, पण मुख्य कारण जमिनीचं आहे. वरच्या भागात गोदावरी खोल घळीतून वाहते, काठ पंधरा-वीस-तीस फूट उंच, शेतं त्याच्याही वर. बारा फुटाचा बांध घालून काहीच साधत नाही. शिवाय पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नदीत पाणीच नसतं. म्हणजे इथे साठवणच लागणार, मोठं धरण लागणार, नाहीतर पंपाने उचलावं लागणार, आणि दोन्ही महाग. पुण्याकडे कर्नल फाइफ या रॉयल इंजिनिअर्सच्या माणसाने खडकवासल्याला धरण बांधलं, दख्खनमध्ये ते असंच करावं लागतं. आमच्याकडे जायकवाडी १९७६ ला आणि नांदेडच्या विष्णुपुरीचं पाणी तर उचलूनच द्यावं लागतं. डेल्टाला जे निसर्गाने दिलं होतं ते कॉटनने ओळखलं. आमच्याकडे ते नव्हतंच.

पुढचं कॉटनचं आयुष्य मला फार एकाकी वाटतं. १८६१ मध्ये सर झाला, पण सरकारशी भांडण संपलं नाही. त्याचं म्हणणं एकच, रेल्वेवर पैसा घालवू नका, पाण्यावर घाला. रेल्वे कंपन्यांना सरकार पाच टक्के व्याजाची हमी देत होतं, तोटा झाला तरी, आणि तो पैसा इथल्या रयतेच्या करातून जात होता. कालव्याने पीकही येतं आणि त्याच कालव्यातून मालही स्वस्तात जातो असं तो सांगत राहिला. प्रोबी कॉटलीने काढलेल्या गंगेच्या कालव्यावर त्याने जाहीर टीका केली, त्यावरून दोघांचे जोरदार वाद झाले. त्याच्याच कल्पनेतून खासगी भांडवलावर कर्नूल-कडप्पा कालवा निघाला, तो मात्र सपशेल फसला आणि १८८२ मध्ये सरकारला तो विकत घ्यावा लागला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. माझ्या मते कॉटन इथे खरंच चुकला होता, डेल्टात जे जमलं ते कुठेही जमेल असं त्याला वाटायला लागलं होतं.

मग १८७६ ते ७८ चा महादुष्काळ. सोलापूर, कलादगीपासून खाली म्हैसूर, मद्रासपर्यंत लाखो माणसं गेली. रेल्वे होती तरी गेली, कारण रेल्वे धान्य पिकवत नाही, आणि जिथे लोकांच्या हातात पैसा नाही तिथे व्यापारी धान्य उतरवत नाही. त्याच काळात गोदावरी आणि कृष्णेचे डेल्टा तगले, उलट तिथून भात बाहेर गेला. १८७८ मध्ये पार्लमेंटच्या सिलेक्ट कमिटीपुढे पंचाहत्तर वर्षांचा कॉटन हेच सांगायला उभा राहिला. कमिटीने त्याला उलटसुलट प्रश्न विचारून त्याचेच आकडे त्याच्यावर उलटवायचा प्रयत्न केला, कर्नूलचं काय झालं, परतावा कुठे आहे. ज्या भाषेत त्याने तीस वर्षांपूर्वी लढाई जिंकली होती त्याच भाषेत तो हरला. देशभर कालव्यांचं जाळं विणायची त्याची योजना कमिटीने उचलून धरली नाही.

तो काही गप्प बसला नाही. इंग्लंडमध्ये डॉर्किंगला राहत होता, तिथे जमीन खोल खणून गव्हाचं पीक वाढतं का याचे प्रयोग त्याने उतारवयात केले, कोणी विचारो न विचारो सिंचनावर लिहीत राहिला. २४ जुलै १८९९ ला वारला, शहाण्णव वर्षांचा होऊन.

यात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे जी महाराष्ट्रात फार कोणाला ठाऊक नाही आणि खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. कॉटनचं स्वप्न धवलेश्वरमला संपत नव्हतं. समुद्रापासून गोदावरीतून वर, मग प्राणहिता, मग वर्धा नदी, असं करत बोटी थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापसापर्यंत न्यायच्या होत्या. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि या प्रोजेक्टला एकदम जोर आला. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा एंचमपल्लीला, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आपल्या अहेरीच्या बाजूला. तिथे बांध घालून, बाजूने कालवा आणि लॉक काढून बोटी चढवायच्या. हेगच यावर होता. आपल्या आजच्या गडचिरोलीतलं सिरोंचा, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं, हे त्या काळात अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं.

आणि मग १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, १८६७ ला मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. कापूस पश्चिमेला वळला, मुंबईला. नदीत वर्षातले काही महिने तर बोटीपुरतं पाणी नसायचं, जंगलात तापाने माणसं पडत होती, खर्च वाढत होता. १८७१ मध्ये काम बंद करून टाकलं. १८७४ ला तो जिल्हाच मोडला, सिरोंचा चांद्याला जोडलं.

मला कॉटनवर रागवायचं असेल तर इथे रागावते. धवलेश्वरमला त्याने परताव्याच्या भाषेत जे मागितलं त्याच्या पोटात माणसांची भूक होती, त्याला ती दिसत होती. वर प्राणहितेवर जे मागितलं त्याच्या पोटात लँकेशायरच्या गिरण्या होत्या. सिरोंचा-अहेरीच्या गोंड, माडिया माणसांना, तिथल्या शेतकऱ्यांना पाणी द्यायचं हा त्या कामाचा मुख्य हेतू कधीच नव्हता, म्हणून कापूस दुसऱ्या वाटेने गेला त्या दिवशी ते काम कोणाचंच राहिलं नाही. आज सिरोंचासमोर गोदावरीवर तेलंगणाचं मेडीगड्डा बॅरेज उभं आहे, २०१९ ला सुरू झालं, २०२३ ला त्याचे खांब खचले, आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी आपल्या बाजूच्या शेतांत शिरतं म्हणून सिरोंचाचे शेतकरी वर्षानुवर्षं भरपाई मागताहेत. दीडशे वर्षांत तिथे दोन वेळा इंजिनिअर आले, दोन्ही वेळा दुसऱ्यासाठी. त्या तालुक्याला दोन नद्यांच्या संगमावर बसून स्वतःच्या शेतासाठी पाणी मागावं लागतं, आणि ते त्यांना मिळालं पाहिजे.